गाभण घोडीची झूल

खोगीरवाल्याची गाडी फाटकातून आत शिरली तेव्हा थोरली तबेल्याच्या भिंतीला टेकून उभी होती. उजवा हात शालीत गुंडाळलेला, डाव्या हातात घोड्यांच्या चंदीच्या दाण्याची रिकामी बादली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई निवांत ऊन खातेय. खरं तर तिथून हलायचं तिच्या जिवावर आलं होतं. सकाळचं पाणी, चंदी, लीद काढणं एवढं उरकेपर्यंतच तिचा जीव मेटाकुटीला येई, आणि अख्खा दिवस अजून पुढ्यात आ वासून असे.

थोरली म्हणजे दोन भावांपैकी थोरल्याची बायको. धाकट्याची ती धाकटी. तबेला भावांचा, त्याला चिकटून असलेलं घरही भावांचंच, पण आता दोघांपैकी एकही तिथे नव्हता. थोरला एका सकाळी घोड्याला लगाम घालता घालता खाली बसला, तो उठलाच नाही. धाकट्याने त्याआधीच दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटला होता. "जरा जाऊन येतो" म्हणून गेलेला तो अजून जाऊन येतच होता. मागे राहिल्या दोन जावा, सहा जनावरं, आणि सुट्टीच्या दिवशी घोड्यावर बसायला शिकायला येणारी मुलं. लोकांना वाटलं होतं, आता या एकमेकींच्या झिंज्या उपटणार आणि वर्षभरात तबेला विकायला निघणार. तसं काही झालं नाही. दोघी एका छपराखाली राहिल्या, एकाच टेबलावर जेवल्या आणि कामापुरतं बोलल्या. धाकटीला परत जायला माहेर उरलं नव्हतं. थोरलीने तिला जा म्हटलं नाही. राहा असंही कधी म्हटलं नाही.

कामाची वाटणी न बोलताच झाली होती. पाच घोडे आणि मुलांचे तास धाकटीकडे. करडी घोडी थोरलीकडे, कारण ती थोरल्याने शिंगरू असताना आणली होती आणि तिच्यावर दुसऱ्या कोणी हात टाकलेला थोरलीला खपत नसे. घोडीचं आता वय झालं होतं. आणखी एखाद-दोन वर्षांत ती मुलांना पाठीवर घ्यायची नाही, तेव्हा तिच्याकडून एक शिंगरू घेऊन ठेवू, म्हणजे पुढची सोय होईल, ही कल्पना धाकटीची. थोरलीने हो म्हटलं होतं. आता घोडी गाभण होती, हिवाळा संपता संपता वेणार होती, आणि तबेल्याची एक बाजू उघडी होती. झूल तर घ्यायलाच हवी होती.

खोगीरवाला गाडीतून उतरला तोच मुळी बोलत. या माणसाच्या तोंडाला कधी बक्कल लागत नसे. "काय थोरल्या बाई, बाळंतिणीची तयारी करायची ना? सगळं आणलंय. पातळ आणलीय, मध्यम आणलीय, आणि ही एक अशी आणलीय की अंगावर घातली तर बर्फात झोपली तरी घोडीला घाम येईल!"

त्याने तिन्ही झुली आडव्या बांबूवर टाकल्या. पातळ होती ती नुसती पावसाची, वरून मेणचट, आतून गुळगुळीत अस्तर. मधली थोडा कापूस भरलेली. तिसरी म्हणजे गादीच. ती टाकल्यावर बांबू वाकला.

धाकटी फीत घेऊन आली. घोडीच्या छातीच्या मधोमध एक टोक धरलं, फीत खांद्यावरून, पोटाच्या फुगीर भागावरून नेत शेपटीच्या मुळापर्यंत आणली आणि माप मोठ्याने सांगितलं.

"याच्यापेक्षा एक माप मोठं घ्या," खोगीरवाला म्हणाला. "पोट अजून वाढेल. आत्ता नेमकी बसणारी घेतलीत तर पुढे बटणं तुटलेल्या सदऱ्यासारखी गत होईल. आणि मला विचाराल तर मधली घ्या. किंवा पातळ. हिच्या अंगावर केस बघा किती दाट आलेत. निसर्गानेच पांघरूण दिलंय."

"मीही तेच म्हणते," धाकटी म्हणाली. "आपण हिचे केस कापलेले नाहीत. तबेल्यात झूल लागणारच नाही. वारा-पाऊस असेल तेव्हा बाहेर सोडताना पातळ घालायची, आत आली की काढायची."

"घालायची, काढायची," थोरली म्हणाली. "रोज?"

"रोज. त्यात काय?"

थोरलीने शाल आणखी घट्ट ओढून घेतली. त्यात काय ते तिला माहीत होतं. उन्हाळ्यापासून तिचा उजवा खांदा आखडला होता. आधी नुसता ठणकायचा, मग रात्री कुशीवर झोपवेना, मग एक दिवस असा आला की हात छातीच्या वर जाईनाच. वेणी घालता येईना म्हणून तिने मागे नुसती गाठ मारायला सुरुवात केली होती. झंपर घालताना ती दार लावून घेई आणि दात आवळून धरी. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. झूल म्हणजे काही शाल नव्हे. ती दोन्ही हातांनी उचलायची, घोडीच्या पाठीवरून पलीकडे फेकायची, ओढून सारखी करायची. रोज घालायची-काढायची म्हटलं तर तिचं बिंग पहिल्याच आठवड्यात फुटलं असतं.

एकदाच घालायची आणि राहू द्यायची, असं तिने मनात ठरवून टाकलं. मग एकच घालायची तर सगळ्यात जाड.

"ती गादी दे," ती म्हणाली.

"ताई, घोडी उकडून निघेल," धाकटी म्हणाली.

"घोडी माझी आहे ना? मग उकडेल नाहीतर गारठेल, मी बघेन."

धाकटीने फीत गुंडाळली आणि खिशात टाकली. ती असल्या वेळी भांडत नसे. नुसती फीत फार घट्ट गुंडाळत असे.

पहिल्यांदा झूल घालायचा मुहूर्त थोरलीने धाकटी मुलांना घेऊन रिंगणात गेल्यावर काढला. घोडी बांधायच्या ठाणाशी मुलांचा चढायचा लाकडी ठोकळा ओढून आणला. झूल डाव्या खांद्यावर घेतली आणि ठोकळ्यावर चढली. घोडीने मान वळवून पाहिलं, आणि बाई नेमकी फेकणार तोच ती शहाणी एक पाऊल बाजूला सरली. झूल पेंढ्यात पडली. थोरली उतरली, झूल गोळा केली, पुन्हा चढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने झुलीचा काठ दातात धरला, डाव्या हाताने ढकलली, डोक्याने रेटली, आणि कशीबशी ती घोडीच्या पाठीवर गेली. ठोकळ्यावर उभ्या उभ्याच थोरलीने घोडीच्या कुल्ल्यावर कपाळ टेकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दुखण्याचं की रागाचं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

छातीवरची बक्कलं तिने लावली. पोटाखालून तिरपे येणारे दोन पट्टे वाकून, डाव्या हाताने चाचपडत अडकवले. ते ज्या भोकात बसले त्या भोकात राहू दिले. पोट आणि पट्टा यांच्यात हाताचा पंजा आडवा मावायला हवा, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिचा नवराच नव्या लोकांना तसं शिकवत असे. पण तेव्हा तिच्या अंगात तेवढीही ताकद उरली नव्हती. उद्या बघू, म्हणून ती उठली.

तो उद्या रोज उद्यावर जात राहिला.

मधे चार दिवस चांगलीच थंडी पडली. तेव्हा तिला वाटलं, बरं झालं जाड घेतली. मग उलटंच झालं. दुपारी कडकडीत ऊन पडू लागलं, धाकटी स्वेटर कमरेला बांधून वावरू लागली. थोरली सकाळी झुलीच्या पुढच्या बाजूने हात आत घाली. आत ऊबदार असे. ऊब म्हणजे चांगलंच की, असं ती स्वतःला सांगे. ती ऊब दमट आहे हे तिच्या बोटांना कळत होतं. घोडी चंदी अर्धी टाकू लागली, हेही दिसत होतं. खरारा करायला झूल काढायलाच हवी, म्हणून खराराही राहिला. मान आणि पाय तेवढे ती घासून काढी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला घोडी लखलखीत दिसावी. पुढून सगळं ठीकठाक. झुलीखाली काय चाललंय याचा विचार मनात आला की ती दुसरं काहीतरी काम काढून बसे.

माणूस दमला की असंच होतं. आळशी माणूस काम टाळतो आणि खुशाल झोपतो. दमलेला माणूस काम टाळतो आणि ते टाळलेलं काम उशाला घेऊन जागा राहतो. थोरली रात्र रात्र कूस बदलायची, तीही एकाच बाजूला बदलता येत होती. आयुष्यभर या बाईने नाकावर माशी बसू दिली नव्हती. दिराने घर सोडलं तेव्हा रडणाऱ्या धाकटीला तिने सांगितलं होतं, "रडून झालं की घोड्यांना पाणी दाखव." नवरा गेला त्या दिवशीही घोड्यांना पाणी वेळेवर मिळालं होतं. अशा बाईने आता कोणाकडे जाऊन म्हणायचं, की मला हात वर करता येत नाही?

एका दुपारी ती पेंढ्याच्या गठ्ठ्यावर जरा टेकली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. घोडीचं वैरणीचं जाळं रिकामं होतं. धाकटीने ते पाहिलं, थोरलीला उठवण्याऐवजी स्वतःच वैरण घेऊन ठाणात गेली. घोडीने कान मागे पाडले. ही घोडी मुलं शेपटीला लोंबकळली तरी कान पाडत नसे. धाकटीने जाळं खाली ठेवलं, झुलीच्या कडेवरून हात आत घातला आणि लगेच बाहेर काढला. हात ओला झाला होता.

थोरलीला जाग आली ती धपकन काहीतरी पुढ्यात पडल्याच्या आवाजाने. झूल होती. आतल्या बाजूने ओली, घोडीच्या केसांनी माखलेली, आंबूस वासाची. वर धाकटी उभी होती.

"ही शेवटची कधी उतरवली होती, ताई?"

"काल," थोरली म्हणाली.

"काल?"

"परवा असेल. मला काय तारखा पाठ आहेत?"

"उठा. या. बघा."

थोरली उठली आणि गेली. उघडी घोडी तिने कित्येक दिवसांत पाहिलीच नव्हती. अंगावरचे केस घामाने चिकटून त्यांच्या वाती झालेल्या. दोन्ही खांद्यांवर घासून घासून केस गेलेले. मान संपते तिथे पाठीचा जो उंचवटा असतो, त्यावर चामडी सोलवटून लाल झालेली. आणि पोटावर, ज्या पोटात शिंगरू होतं त्या पोटावर, पट्ट्याचा खोल वळ. थोरलीने त्या वळावर डावा हात ठेवला. घोडीची कातडी थरथरली.

"तुम्हाला दिसलं नाही असं म्हणू नका," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच थोरलीला जास्त लागलं. "मला एक पट्टा चुकीच्या भोकात गेला म्हणून तुम्ही मुलांसमोर झापलंय. तुम्हाला हे दिसलं नाही?"

थोरलीचा हात त्या वळावरच राहिला.

धाकटी बाहेर गेली, झूल उचलून आणली आणि तिच्या हातात कोंबली. "घ्या. घालून दाखवा."

"तिच्या जखमेवर घालू?"

"या दारावर टाका. घोडीएवढंच उंच आहे. टाका."

थोरलीने झूल धरली. उजवा हात कोपरापर्यंत उचलला. आणखी थोडा. मग खांद्यातून अशी कळ गेली की तिच्या तोंडातून आवाज निघाला, आणि झूल पायावर पडली. ती तशीच उभी राहिली, चोरी पकडली गेल्यासारखी.

घोडी जाळ्यातली वैरण खाऊ लागली होती.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही."

"तुला सांगून काय झालं असतं?" थोरली एकदम उसळली. "तू म्हणाली असतीस, ताई तुम्ही बसा. मग घोडी तू घेतली असतीस. मग तबेला तू बघितला असतास. आणि मी काय करायचं होतं? खिडकीत बसून तुला कामं करताना बघायचं? या घरात मी काम करते म्हणून आहे. काम सुटलं की मी कोण?"

धाकटी हसली. हसण्यात हसू नव्हतं. "हे तुम्ही मला सांगताय? नवरा निघून गेलेल्या बाईला? मी इथे कोण आहे असं तुम्हाला वाटतं? मी रोज सकाळी तुमच्या आधी उठते ना, ते घोड्यांच्या प्रेमाने उठते असं वाटलं का तुम्हाला? ताई आज म्हणतील, बाई गं, तुझं इथे काय आहे, म्हणून उठते. इतकी वर्षं."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. "मी असं कधी म्हटलं?"

"राहा असं तरी कधी म्हटलंत?"

थोरली खाली वाकून डाव्या हाताने झूल गोळा करू लागली. धाकटीने दुसरं टोक धरलं. दोघींनी ती ओली गादी नेऊन बाहेर कुंपणावर टाकली, आणि त्या दिवशी त्यावर आणखी बोलणं झालं नाही. धाकटीने कोमट पाण्याने जखम धुतली. थोरली घोडीच्या तोंडावरची म्होरकी धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी जनावरांची डॉक्टर आली. ही तरुण बाई कमी बोलायची आणि नेमकं बोलायची. तिने घोडीच्या कुशीवर हात दाबून धरला, डोळे मिटले, वाट पाहिली आणि म्हणाली, "आतला खेळतोय. त्याला काही झालेलं नाही." थोरलीने डाव्या हाताने घोडीची मान थोपटली.

जखमेला मलम मिळालं. चामडी भरेपर्यंत अंगावर काहीही घालायचं नाही. नंतर तबेल्यात झूल नाहीच, बाहेर सोडताना वारा-पाऊस असेल तरच, तीही हलकी. रोज काढायची, रोज खाली हात फिरवायचा, खांद्याच्या मागे हात लावून पाहायचं, ओलं लागता कामा नये. पोटाचे पट्टे दर आठवड्याला बघायचे, कारण पोट कोणासाठी थांबणार नाही. एवढं सांगून झाल्यावर तिने थोरलीच्या शालीकडे पाहिलं. "आणि तुमच्या त्या हाताला माणसांचा डॉक्टर बघू दे. मी बघितलं तर सुई मोठी असेल."

खोगीरवाला पुन्हा आला. वापरलेली झूल तो परत घेणार नव्हता, ते उघडच होतं. तिच्यावर पुढे तबेल्यातली मांजर झोपायला लागली. या वेळी निवड करायला दोघी उभ्या होत्या. धाकटीने पातळ झुलीचं अस्तर गालावर घासून पाहिलं. थोरलीने खांद्याशी चुण्या आहेत की नाहीत ते पाहिलं, म्हणजे घोडीने पाऊल टाकलं की कापड तिथे ताणून घासणार नाही. मागे जखम झाली होती त्या उंचवट्यावर मऊ लोकर शिवून द्यायचं खोगीरवाल्याने कबूल केलं. पट्टे लांब, मधे ताणणारी इलॅस्टिकची पट्टी असलेले. माप मोठं.

"पण टाकणार कशी?" थोरलीने विचारलं. धाकटीसमोर तिने पहिल्यांदाच हे असं सरळ विचारलं होतं.

"टाकायची कशाला?" खोगीरवाला म्हणाला. त्याने झूल जमिनीवर पसरली, मागचा भाग पुढच्या भागावर दुमडला, पुन्हा एकदा दुमडला. चादरीची घडी घालतात तशी एक अरुंद घडी झाली. ती त्याने घोडीच्या मानेच्या मुळाशी नुसती ठेवली, छातीचं बक्कल लावलं, आणि मग एकेक दुमड मागे उलगडत शेपटीपर्यंत नेली. केसही सगळे एका दिशेने बसले. खांद्याच्या वर हात नेण्याची वेळच आली नाही.

थोरली बघतच राहिली. "मेल्या, हे आधी नाही का सांगायचंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही म्हणालात, ती गादी दे."

धाकटीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. थोरलीला राग आला, आणि मग रागही पुरता येईना. तो आणायलाही जोर लागतो.

हिवाळा असाच ओढत ओढत गेला. त्या भांडणाने दोघी गळ्यात गळे घालू लागल्या असं कोणी समजू नये. उलट भांडणं वाढली, कारण आता दोघी एका ठाणात एका वेळी काम करू लागल्या होत्या. झूल अजून इंचभर मागे हवी, नको, पट्टा सैल आहे, कुठे सैल आहे, असं रोज चाले. पण आता थोरली "धर जरा" म्हणू लागली होती. हाडांच्या डॉक्टरने तिला बोटं भिंतीवर पावलापावलाने वर चढवायचा व्यायाम दिला होता. ती तो तबेल्याच्या भिंतीवर करी, आणि धाकटी जाता जाता म्हणे, "ताई, तुमचा कोळी आजही कालच्याच जागी आहे." एका सकाळी थोरली आरशासमोर एका हाताने केसांशी झटत होती तेव्हा धाकटीने काही न बोलता कंगवा काढून घेतला आणि तिची वेणी घातली. घट्ट घातली, घोड्याच्या शेपटीची घालतात तशी. थोरली म्हणाली, "अगं, डोळे ओढले गेले माझे." दुसऱ्या दिवशी ती स्वतःच कंगवा घेऊन येऊन बसली.

घोडीचं पोट खाली उतरलं, मग दोन्ही बाजूंनी पखालीसारखं वाढलं. पट्टे एकेक भोक पुढे सरकत शेवटच्या भोकाला आले, मग धाकटीने तुटलेल्या तंगाचा, म्हणजे खोगिराच्या पट्ट्याचा, तुकडा शिवून ते वाढवले. खांद्यावर केस पुन्हा आले, आधी मखमलीसारखे आणि जरा गडद. एकदा चांगला आठवडाभर गार वाऱ्यासोबत पावसाची झड लागली. झूल भिजून जड होई, दोघी ती उतरवत, वाळत टाकत, घोडीचं अंग पेंढ्याच्या बोळ्यांनी पुसत. त्या आठवड्यात थोरलीला वाटलं, आता आपण घोडीच्या शेजारीच आडव्या होऊ आणि कोणी उठवायला येऊ नये. धाकटीचेही डोळे आत गेले होते. कामाची विभागणी झाली म्हणून काम कमी होत नाही. दमायला सोबत मिळते, एवढंच.

घोडीच्या सडांवर मेणासारखे थेंब दिसू लागले, तशी धाकटीने झूल कायमची काढून टाकली. "वेताना पट्ट्यात पाय अडकायला नको. आणि पिल्लू सड शोधताना झुलीच्या आत शिरून बसेल." मग दोघींनी आळीपाळीने जागायला सुरुवात केली. घोडी रात्रभर शांतपणे वैरण चावे आणि सकाळी त्यांच्या तारवटलेल्या डोळ्यांकडे नवलाने बघे.

त्यातच थोरलीचा हाडांच्या डॉक्टरकडे खांद्यात सुई घेण्याचा दिवस आला. ती जाणार नाही म्हणून अडून बसली. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, "आज वेईल किंवा पुढच्या आठवड्यात वेईल. ते तिचं ती ठरवेल. तुम्ही जाऊन या."

दोघी गेल्या. दवाखान्यात खूप बसावं लागलं. बाकावर थोरली पेंगत धाकटीच्या खांद्यावर कलली, आणि जाग आल्यावर झटकन सरळ झाली. सुई टोचली तेव्हा तिने डॉक्टरचा नव्हे, धाकटीचा हात धरला, आणि तोही असा की धाकटीच्या बोटांवर वळ उठले. परत येताना गाडीत दोघी एका फालतू गोष्टीवरून भांडत होत्या, फाटकाला कडी कोणी लावली होती यावरून. ते भांडण तबेल्याच्या दारापर्यंत टिकलं.

ठाणात, भर दुपारच्या उन्हाच्या तिरीपेत, शिंगरू उभं होतं. चारी पाय चार दिशांना फाकलेले, अंग अर्धं वाळलेलं, काळपट. घोडी त्याची पाठ चाटत होती. वारही पडून गेली होती. सगळं कसं आटोपशीर, जणू कोणाची कसली गरजच नव्हती.

"बघ," थोरली म्हणाली. "एवढ्या रात्री जागून काढल्या. पाठ वळायची वाट बघत होती लबाड."

"सगळ्या घोड्या असंच करतात, ताई."

"माहितीय मला. मला शिकवू नकोस."

शिंगराने पाय टाकला, पडलं, उठलं, घोडीच्या पुढच्या पायांत तोंड खुपसलं, तिथे काही मिळालं नाही, मग चाचपडत मागे गेलं आणि शेवटी सड सापडला. चुटचुट आवाज येऊ लागला. धाकटी रडायला लागली. थोरलीने तिला पाणी दाखवायला सांगितलं नाही. ती म्हणाली, "डॉक्टरला फोन कर. वार पुरी पडलीय का ते तिला बघू दे." मग जरा थांबून, घोडीकडेच बघत म्हणाली, "आणि हे बघ. हे शिंगरू तू सांभाळायचंस. मोठं होऊन कामाला येईपर्यंत चांगली चार-पाच वर्षं जातील. कुठे जायचं असेल तर आत्ताच सांग."

"मी कुठे जातेय?" धाकटी नाक पुसत म्हणाली.

"मग झालं तर."

डॉक्टर येऊन गेली, सगळं ठीक आहे म्हणाली. सूर्य अजून वर होता. पाण्याच्या बादल्या भरायच्या होत्या, पाच घोड्यांची चंदी व्हायची होती. थोरलीचा हात सुईने बधिर होऊन लोंबत होता. तिने बादलीकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी जरा पडते."

लग्न होऊन या घरात आल्यापासून ती दिवसाउजेडी कधी आडवी झाली नव्हती. बूट न काढताच ती पलंगावर कलंडली. खिडकीतून धाकटीचा आवाज येत होता, ती कुठल्या तरी घोड्याला घालून पाडून बोलत होती. मग बादल्यांचा आवाज आला, मग नळाचा. थोरलीला एकदा वाटलं, डाव्या कोपऱ्यातल्या घोड्याला चंदी भिजवून द्यायची असते हे सांगावं. ते धाकटीला तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिने डोळे मिटले.

ती उठली ती थेट दुसऱ्या दिवशी, ऊन चांगलं वर आल्यावर. कोणीतरी तिचे बूट काढून पलंगाखाली ठेवले होते आणि अंगावर पांघरूण घातलं होतं. कोणी उठवलं नाही म्हणून आधी ती चिडली. मग तशीच पडून राहिली आणि तबेल्यातले आवाज ऐकत राहिली.